पाच लाखांचं कार्ड आणि पाव किलो डाळ



सध्या वस्त्यावस्त्यांत एकच शिबिर जोरात आहे. विहाराच्या पटांगणात मांडव, टेबलावर लॅपटॉप, अंगठा घ्यायचं यंत्र, मागे बाबासाहेबांचा फोटो आणि समोर रांगेत बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या. आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचं. २९ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं ही योजना सुरू केली. सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचा दवाखान्याचा खर्च मिळणार. संध्याकाळी कार्यकर्त्याच्या स्टेटसला आकडा पडतो, आज इतकी कार्डं काढली. खाली निळे हृदय आणि अभिनंदन.

कार्ड काढायला आमचा विरोध नाही. काढाच. आम्हीही काढून देतो. कार्ड निघालं की चळवळीचं काम झालं, या समजुतीशी आमचं भांडण आहे. रांगेतली आजी कार्ड पदरात गुंडाळून घरी जाते, तेव्हा तिच्या चुलीवर काय शिजतं हे त्या मांडवात कुणी विचारत नाही. एकदा विचारून बघा. "सकाळची भाकर हाय, संध्याकाळचं बघू." मिरचीचा ठेचा, नाहीतर चहात बुडवून भाकर. डाळ? "पाव किलो आणली होती बाजाराच्या दिवशी." आणि हीच आजी साखरेची गोळी घेते, बीपीची घेते. एका आजीनं आम्हाला जे सांगितलं ते कुठल्याही आरोग्य अहवालापेक्षा सरळ आहे: "गोळी खायला बी आधी भाकर लागती की लेकरा, नाहीतर गरगरतंय."

ते गरगरणं काय असतं हे नर्सताई सांगू शकतील. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की साखर धोक्याइतकी खाली जाते. म्हणून म्हातारी माणसं स्वतःच तोड काढतात, ज्या दिवशी खायला नाही त्या दिवशी गोळीही घेत नाहीत. मग साखर वाढत जाते, पायाला जखम होते, ती भरत नाही, बोट काळं पडतं. तेव्हा मात्र कार्ड चालतं! भरती झालात की बोट कापायला पैसे आहेत. त्याआधीची दहा वर्षं गोळीसोबत भाकर-डाळ मिळावी म्हणून त्या कार्डावर एक रुपया नाही. ही योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि सुट्टीनंतरचे पंधरा दिवस तिच्यात धरलेत. आपल्या माणसांचं म्हातारपण त्या अठरा दिवसांच्या बाहेर जातं.

नांदेडला तर विम्याचं हे गाणं नवंही नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यात नांदेड होता. पुढे ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचं नाव लागलं, दीड लाखाचे पाच लाख झाले. नाव बदललं, रक्कम वाढली. त्याच नांदेडमध्ये २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस, ऑक्टोबर लागता लागता, विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं होती. कार्डावरच्या शून्यांनी रुग्णालय उभं राहत नाही आणि पोटही भरत नाही.

आता आपल्यातलेच काही तरुण एक वेगळी गोष्ट सांगतात. अमेरिकेत म्हणे विमा कंपनीच म्हाताऱ्यांना किराणा देते. खरं आहे. तिथं ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी मेडिकेअर नावाचा सरकारी विमा आहे. तो खासगी कंपन्यांमार्फतही घेता येतो आणि त्यातल्या काही योजना दर महिन्याला एका कार्डावर ठरावीक रक्कम टाकतात. ती रक्कम भाजी, फळं, डाळी, दूध अशा मालावरच खर्च करता येते. मधुमेह, हृदयविकार असे जुने आजार असलेल्यांसाठी २०१८ च्या कायद्यानं ही वाट मोकळी केली आणि २०२० पासून ती चालू झाली. ठरावीक पेन्शनवर जगणारी तिथली म्हातारी माणसं त्या कार्डावर महिन्याचा किराणा भरतात. तरुणांचा प्रश्न असा, की आपल्या वय वंदना कार्डावर हे का नको?

प्रश्न चांगला आहे. त्यातलं तत्त्व उचलावं, दार मात्र उचलू नये. तत्त्व असं की आजारी म्हाताऱ्या माणसाचं अन्न हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे. जगातल्या सगळ्यात नफेखोर विमा बाजारालाही हे मान्य करावं लागलं. पण दार कंपनीचं आहे. कंपनी किराणा देते ती ग्राहक ओढण्यासाठी. पुढच्या वर्षी परवडलं नाही तर रक्कम कमी करते, अटी बदलते, योजनाच गुंडाळते. आजार यादीत बसला तर किराणा, नाही बसला तर नुसती भूक. हक्क म्हणून मागायचं कुणाकडे? कंपनीच्या कॉल सेंटरकडे?

आणि विम्याबद्दल अमेरिकेकडून शिकण्याआधी आपण आपलं घर तरी उघडून बघावं. १९४७ साली बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केलं, ते 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज', त्यात विम्यावर शासनाचीच मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला विमा सक्तीचा असावा असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याआधी, १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अडारकरांचा अहवाल आला. त्यातूनच १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला. त्या कायद्यात काय आहे बघा. आजारी कामगाराला औषधोपचार तर आहेच, शिवाय आजारपणात बुडालेल्या पगाराच्या बदल्यात रोख रकमही आहे, आज ती पगाराच्या ७० टक्के मिळते. म्हणजे माणूस आजारी पडला की त्याच्या घरची चूलही विझते, ही अक्कल आपल्या विमा कायद्याला पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच होती. नव्या कार्डांनी ती टाकून दिली. आणि तो कायदा तरी कुणासाठी? कारखान्यातल्या, हजेरीपटावरच्या कामगारासाठी. ऊस तोडणारी, सोयाबीन काढणारी, वीटभट्टीवर भाजलेली आपली माय कुठल्या हजेरीपटावर होती?

संविधानाचं कलम ४१ म्हणतं की बेकारी, वृद्धत्व, आजारपण, अपंगत्व यांत सरकारी साहाय्य मिळण्याच्या हक्कासाठी राज्यानं तरतूद करावी. कलम ४७ म्हणतं की पोषणमान, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य आहे. पोषण आणि आरोग्य एकाच कलमात, एकाच वाक्यात बसवलं आहे. सरकारनं त्याच्या दोन खिडक्या केल्या. आरोग्याच्या खिडकीवर पाच लाख, पोषणाच्या खिडकीवर पाच किलो. त्या पाच किलोत गहू आणि तांदूळ. डाळ नाही, तेल नाही.

आता हातात येणाऱ्या पैशांचं बघू. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात. २०२३ पर्यंत हजार होते. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी आहे ३१२ रुपये. म्हणजे सरकारच्याच हिशेबानं म्हाताऱ्या माणसाचा अख्खा महिना पाच दिवसांच्या मजुरीपेक्षाही स्वस्त! एकदाच निवडून आलेल्या माजी आमदाराचा महिना ५० हजारांचा. केंद्राचा वाटा तर सांगायलाही लाज वाटते. ६० ते ७९ वयाच्या दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला केंद्र २०० रुपये देतं आणि हा आकडा २००७ पासून हललेला नाही. दिवसाला सात रुपयेसुद्धा नाहीत. चहा येतो का त्यात?

आणि हे १५०० मिळवायची अट काय? कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. म्हणजे अख्ख्या घराचं दिवसाचं उत्पन्न ५८ रुपयांखाली. आता हा आकडा लाडकी बहीण योजनेशेजारी ठेवा. तिथं वयाची मर्यादा २१ ते ६५ आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. बाई पासष्टीच्या आत असते तोवर अडीच लाखांपर्यंत ती गरीब असते, सरकारची बहीण असते. पासष्टी ओलांडली की त्या योजनेतून बाहेर, आणि श्रावणबाळच्या दारात तिला २१ हजारांचा दाखला मागतात. काम करायचं बळ संपलं त्याच वर्षी सरकारच्या लेखी ती श्रीमंत झाली! मुलगा पुण्यात वॉचमन नाहीतर हैदराबादला बांधकामावर असेल तर तलाठ्याच्या कागदावर त्याचा पगार तिच्या पदरात पडलेला असतो, प्रत्यक्षात पडो ना पडो. यावर आपल्या किती मोर्चांनी घोषणा दिली? लाडक्या बहिणीच्या पैशांना आमचा विरोध नाही, आपल्याच घरांत ते येतात. पण हेही आठवा की मे २०२५ मध्ये त्याच योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी वळवले गेले आणि त्या वेळच्या सामाजिक न्यायमंत्र्यांनाच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. आपला निधी आपल्याच म्हाताऱ्यांच्या ताटातून उचलला गेला, असं आम्ही याला म्हणतो.

या रांगेत कोण बसलंय तेही नीट बघा. आज सत्तर-पंच्याहत्तरीत असलेला माणूस १९७२ च्या दुष्काळात विशीतला होता. खडी फोडून सुकडी आणि मिलो खाल्लेली ही माणसं आहेत. १९७८ ला मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या, याच नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंना मारलं गेलं, तेव्हा घरातली भांडी उचलून लेकरांना घेऊन पळालेल्या या बाया आहेत. १९९३ च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारेंनी नांदेडमध्ये स्वतःला पेटवून घेतलं तेव्हा रस्त्यावर उतरलेले हे लोक आहेत. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव यांनी मिळवून दिलं आणि त्या विद्यापीठाच्या पदव्या आपण घेतल्या. दर १४ जानेवारीला आपण त्यांच्या त्यागावर भाषणं करतो. त्यांच्या ताटात डाळ आहे का, हा त्या भाषणात एका ओळीचाही विषय होत नाही.

डाळीवर थोडं थांबतो, कारण इथं तर बेशरमपणाची कमाल आहे. लातूर म्हणजे तुरीची मोठी बाजारपेठ. एमआयडीसीत डाळ मिलची रांग. लातूरच्या तूरडाळीचं नाव देशभर आहे. ती तूर पेरणारे, काढणारे, पोती उचलणारे, मिलमध्ये चाळणीवर बसून खडे निवडणारे हात कुणाचे? निम्मे तरी आपल्याच वस्त्यांतले. आणि त्याच हातांना म्हातारपणी डाळ पाव किलोच्या पुडीत विकत घ्यावी लागते. तिकडे तमिळनाडूत २००७ पासून रेशन दुकानात डाळ आणि पामतेल मिळतं. तूरडाळ ३० रुपये किलो, तेल २५ रुपये लिटर. तूर पिकते आपल्याकडे, भरडली जाते लातुरात आणि रेशनवर मिळते चेन्नईत!

म्हणतील, पैसा कुठून आणायचा. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव ८००० रुपये क्विंटल आहे, म्हणजे किलोला ८०. भरडल्यावर शंभराची सत्तर-बहात्तर किलो डाळ निघते असं धरलं, तर तुरीची किंमत डाळीच्या किलोमागे ११०-११५ रुपये पडते. सरकार हमीभावानं तूर खरेदी करतंच, साठवतंच. त्यातली दोन किलो डाळ आणि लिटरभर तेल प्रत्येक पेन्शनधारकाच्या रेशनकार्डावर टाकलं तर बाजारभावानंही महिन्याचा खर्च चारशेच्या आतबाहेर राहील. दोन किलो डाळ म्हणजे दिवसाला साधारण ६५ ग्रॅम, त्यातून १४-१५ ग्रॅम प्रथिनं. पंचेचाळीस किलो वजनाच्या आजीला दिवसाला लागतात साधारण ४५. तिसरा हिस्सा इथंच भागतो, भाकरीतलं वेगळं. आणि शेतकऱ्याची तूर विकली जाते ती वेगळीच. दिवाळी २०२२ ला शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला तेव्हा त्यात किलोभर चणाडाळ आणि लिटरभर पामतेल होतंच की. म्हणजे रेशन दुकानातून डाळ-तेल वाटता येतं, यंत्रणा आहे. पण ते सणाला, पिशवीवर नेत्यांचे फोटो छापून. २०२५ च्या दिवाळीला तीही पिशवी आली नाही.

अन्न हा उपचार आहे हे सरकारनं स्वतःच एका जागी लिहून दिलं आहे. क्षयरोग्याला एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेतून महिन्याला ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. कशासाठी? खाण्यासाठी. झारखंडमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या नियतकालिकांत आले. त्यात क्षयरोग्यांच्या घरातल्या माणसांना महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तर त्या घरांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. दीड किलो डाळीची ही ताकद! पण आपल्याकडचा नियम असा की क्षय झाला तर हजार रुपये, होऊ नये म्हणून काही नाही. बोट कापायला पैसे आणि डाळीला नाही, तोच हा न्याय.

यावर शहरातले शहाणे म्हणतात की वस्तू कशाला, रोख द्या, माणसाला त्याची निवड करू द्या. ऐकायला स्वातंत्र्याची भाषा वाटते. आपल्या जिल्ह्यांत हा प्रयोग होऊन गेलाय. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत, त्यात नांदेड आणि लातूर दोन्ही, केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ मिळायचा. तो बंद झाला आणि जानेवारी २०२३ पासून माणशी महिना १५० रुपये खात्यात देण्याचं ठरलं. पुढे १७०. धान्याचे पाच किलो हे पाच किलोच राहतात, महागाईनं ते चार होत नाहीत. पैशाचं काय होतं हे केंद्राच्या २०० रुपयांनी आपल्याला शिकवलं आहे. शिवाय खात्यातून पैसे काढायला आजी ग्राहक सेवा केंद्रावर जाते, अंगठा उमटत नाही म्हणून चार खेपा घालते, उमटला की वीस-तीस रुपये कापून हातात येतात आणि तिथून ते थेट किराणा दुकानदाराच्या उधारीत. निवड कसली? आम्हाला पेन्शनही हवी, महागाईला बांधलेली, आणि रेशनवर डाळ-तेलही हवं. एकाच्या बदल्यात दुसरं घ्या असं म्हणणाऱ्यानं आधी स्वतःचा महागाई भत्ता सोडावा.

नांदेडच्या म्हाताऱ्यांना एक जागा पक्की माहीत आहे, गुरुद्वाऱ्याचा लंगर. तिथं कार्ड मागत नाहीत, अंगठा मागत नाहीत, जात विचारत नाहीत, पंगतीला बसवतात आणि ताटात डाळ वाढतात. शीख बांधवांचे उपकार आहेतच. पण मुखेडच्या, जळकोटच्या वाडीतली आजी रोज नांदेडला कशी येणार? आणि शासनाचं कर्तव्य श्रद्धेवर किती दिवस ढकलायचं? २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली, दोन चपात्या, भाजी, वरण, भात. कल्पना चांगली. पण केंद्रं बाजारपेठेच्या गावांत आणि थाळ्या मोजून. चालता न येणाऱ्याच्या ओसरीपर्यंत ती थाळी गेली नाही.

मग शिबिराच्या मांडवात काय करायचं? वय वंदना कार्डासाठी माणूस रांगेत आलाच आहे, तर त्याच टेबलावर त्याचं रेशनकार्ड बघा. नाव आहे का, ई-केवायसी अडकली आहे का, अंत्योदयमध्ये बसायला हवा असून प्राधान्यात टाकलाय का, मागच्या महिन्यात किती धान्य मिळालं आणि पावतीवर किती दाखवलं. गावागावाची अशी वही तयार करा. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम २८ सामाजिक अंकेक्षणाचं आहे, कलम २९ दक्षता समितीचं, आणि त्या समितीत अनुसूचित जाती, जमाती, महिला आणि निराधार यांना प्रतिनिधित्व द्यायचं असं कायद्यातच लिहिलं आहे. आपल्या गावची दक्षता समिती शेवटची कधी बसली ते विचारा. बहुतेक ठिकाणी सदस्यांनाच आपण सदस्य आहोत हे माहीत नसतं. कलम ८ प्रमाणे धान्य मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो, तो मागणारा अर्ज आम्ही तरी आजवर फारसा कुणाच्या हातात पाहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात वृद्ध पेन्शनसह अन्नाशी जोडलेल्या योजनांना हक्काचा दर्जा दिला होता. तरी आपण अजून "लाभार्थी" म्हणवून घेतो आणि वाटणाऱ्यासोबत फोटो काढतो.

मार्गदर्शक तत्त्वांसाठी कोर्टात जाता येत नाही हे बाबासाहेबांना ठाऊक होतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी त्याचं उत्तरही देऊन ठेवलं: ही तत्त्वं न पाळणाऱ्याला न्यायालयात नाही, तरी निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे जाब द्यावा लागेल. जाब विचारायचा तर कागद हातात हवा. एका वस्तीतल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाचं नाव, पेन्शन चालू की बंद, रेशन किती, आठवड्यात डाळ किती वेळा शिजली, गोळी कोणती आणि किती दिवस चुकली. एवढीच वही. उमेदवार निळा गमछा घालून विहारात वंदनेला येईल तेव्हा हार घालण्याआधी ती त्याच्या हातात द्या आणि पहिल्या पानावरची पाच नावं मोठ्यानं वाचायला लावा. २१ हजारांची अट काढणार का आणि रेशनवर डाळ कोणत्या महिन्यापासून देणार, एवढं लेखी घ्या. सही असलेला कागद विहाराच्या फळ्यावर लावा.